गच्चीवरचा लाकडी स्कायलाइट: गळती कशी थांबवली

स्कायलाइट म्हणजे उजेडासाठी छतात बसवलेली काचेची खिडकी. पाणी तिच्या काचेतून येत नव्हतं, येत होतं चौकट आणि स्लॅबच्या सांध्यातून. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं; सिमेंट तेवढं हलत नाही. त्यामुळे फटीत सिलिकॉन कितीही भरा, सुटणारच.

चौकट उचलून भोकाभोवती गच्चीच्या लादीपासून सहा इंच उंच कठडा बांधला. कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (कोपरा भरून काढणारा गोलसर उतार) मारला. काटकोनात कोटिंग पातळ बसतं, तिथेच तडकतं. पॉलिमर कोटिंगचे दोन हात, पहिला ओला असतानाच त्यात फायबर जाळी, दुसरा आडवा. कोटिंग कठड्याच्या माथ्यावरून आतल्या बाजूला दोन इंच वळवायचंच; बहुतेक गवंडी नेमकं हेच टाळतात.

माथ्यावर ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) पट्टी, त्यावर चौकट. चौकट कठड्याबाहेर दीड इंच, तिच्या खालच्या अंगाला ८ मिमी खाच, म्हणजे थेंब मागे न सरकता तिथूनच गळतो. काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर), फुटाला दीड इंच उतार. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटला धरत नाही.

चौकट बसवण्याआधी कठड्याभोवती दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून पाहावं. नंतरही काचेला आतून थेंब दिसले, तर आधी पुसून बघा, बऱ्याचदा ती नुसती वाफ असते.