गावात 'इंटरनॅशनल' या कामगारगीताचा इतिहास कसा सांगावा

१ मे रोजी सकाळी महाराष्ट्र दिनाचे ध्वजारोहण होते आणि त्यानंतर त्या तारखेची दुसरी ओळख, कामगार दिन, बहुतेक खेड्यांत मागे पडते. विदर्भातील ज्या गावांत शेतमजूर, जिनिंगमधले हमाल, बिडी वळणाऱ्या बाया किंवा कोळसा खाणीवर जाणारे कामगार राहतात, तेथील वाचनालयाला त्या संध्याकाळी 'इंटरनॅशनल' या गीताचा इतिहास सांगणारा तासाभराचा कार्यक्रम सहज करता येईल. त्यासाठी एक वक्ता, एक पेटीवाला, जगाचा मोठा नकाशा आणि ध्वनिमुद्रण ऐकवण्यापुरता स्पीकर एवढेच साहित्य लागते.

वेळ आधी ठरवावी. मे महिन्यात दुपारी कोणी येणार नाही, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसे पहाटेच जंगलात जातात. म्हणून दिवेलागणीनंतर लगेच सुरुवात करून कार्यक्रम वेळेत संपवावा.

कथनाची सुरुवात रशियापासून करू नये. लाल झेंड्याशी जोडले गेल्यामुळे हे गीत रशियन आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्याचे शब्द पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत लिहिले गेले आणि रशियन भाषेत ते तीस वर्षांनंतर पोहोचले. प्रशिया या जर्मन राज्याशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यानंतर १८ मार्च १८७१ रोजी पॅरिसच्या जनतेने शहराचा कारभार हाती घेतला. 'पॅरिस कम्यून' या नावाने ओळखली जाणारी ही सत्ता ७२ दिवस टिकली आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात फ्रेंच सरकारच्याच सैन्याने हजारो माणसे मारून ती मोडून काढली. यूजेन पोतिए हा कम्यूनचा निवडून आलेला सदस्य होता आणि कापडावरची नक्षी रेखाटणे हा त्याचा व्यवसाय होता. पराभवानंतर काही दिवसांतच, जून १८७१ मध्ये, त्याने ही कविता लिहिली. १८६४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेवरून तिला नाव मिळाले. पुढे पोतिएला इंग्लंड व अमेरिकेत परागंदा व्हावे लागले आणि १८८० च्या माफीनंतरच तो मायदेशी परतू शकला.

श्रोत्यांना काळाचा अंदाज यावा म्हणून येथे एक स्थानिक खूण द्यावी. खामगावपर्यंतचा रेल्वेफाटा १८७० मध्ये, म्हणजे कम्यूनच्या आदल्याच वर्षी, वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी सुरू झाला. कापसाच्या गाठी येथून निघत होत्या, त्याच काळात युरोपातील कापडधंद्यातला एक कारागीर हे गीत लिहीत होता, एवढे सांगितले की पॅरिस फार लांबचे वाटत नाही.

यानंतरचा भाग सर्वांत सावकाश सांगावा, कारण या इतिहासाचे मर्म त्यात आहे. पोतिएच्या कवितांचा संग्रह १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो वारला. १८८८ मध्ये उत्तर फ्रान्समधील लील या गिरण्यांच्या शहरात समाजवादी कार्यकर्ता गुस्ताव देलोरी याने कामगारांच्या गायनमंडळासाठी या कवितेला चाल लावण्याचे काम पिएर देगेतेर याला सांगितले. देगेतेर हा बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेला आणि लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये लीलमध्ये हे गीत प्रथम गायिले गेले. आज जग जी चाल ओळखते ती कवीने कधी ऐकलीच नाही, हे वाक्य वक्त्याने स्पष्ट उच्चारावे आणि क्षणभर थांबावे. मालकाने कामावरून काढू नये म्हणून छापील प्रतींवर संगीतकाराचे फक्त आडनाव घातले होते. त्याचा फायदा घेऊन त्याचा भाऊ अडॉल्फ याने चालीवर हक्क सांगितला, १९१४ मध्ये न्यायालयाने तो मान्यही केला आणि पिएरला न्याय मिळायला १९२२ साल उजाडले.

प्रसार सांगताना नकाशा वापरावा आणि मोजक्याच ठिकाणी बोट ठेवावे. १८९६ मध्ये लीलच्या समाजवादी अधिवेशनात परदेशी प्रतिनिधींनी हे गीत ऐकले, आणि १९१० मध्ये कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते गायिले गेले. रशियन रूपांतर १९०२ मध्ये अर्कादी कोट्स याने केले. त्याने खाणकामाचे शिक्षण घेतले होते, ही माहिती वणी-बल्लारपूरकडच्या श्रोत्यांना आवर्जून द्यावी. क्रांतीनंतर १९४४ पर्यंत हे सोव्हिएत राष्ट्रगीत होते. आपल्या देशात काझी नझरुल इस्लाम यांनी १९२७ मध्ये त्याचे बंगाली रूपांतर केले. ज्या गीताला एका राज्यसत्तेने आपले केले, तेच १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात विद्यार्थ्यांनी कम्युनिस्ट राजवटीसमोर गायिले. ही बाजू गाळणारा वक्ता श्रोत्यांना अर्धाच इतिहास देतो, असे माझे ठाम मत आहे.

गाण्यासाठी मूळ सहा कडव्यांचा हट्ट धरू नये. एक कडवे आणि ध्रुवपद पुरेसे आहे. आधी त्याचा अर्थ वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत साध्या गद्यात सांगावा, मग फ्रेंच ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि शेवटी पेटीवर चाल धरावी. ही संचलनाची चाल असल्यामुळे केरवा तालात बसते, पण तिचा पहिला स्वर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उचलावा लागतो. पेटीवाल्याला हे आधीच सांगून ठेवावे. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांमुळे खंजिरी अनेक गावांत असतेच, तिच्यावर ठेका धरता येईल. लय संथ ठेवावी, नाहीतर ध्रुवपदात आवाज पोहोचत नाहीत.

हे गाणे नेमके कोणत्या पक्षाचे, असा प्रश्न हमखास येतो. ते समाजवादी कामगारांच्या मंडळासाठी बांधले गेले आणि पुढे कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट व अराज्यवादी या परस्परांशी भांडणाऱ्या सर्वांनीच ते गायिले, असे सरळ उत्तर द्यावे.