पवनचक्कीवर चढण्याआधी: व्हीआर प्रशिक्षणाचा माझा अनुभव

भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा मी शाळेत होतो. बालाघाटाच्या पठारावर वारा उदंड आणि पाणी कमी, ही आमच्याकडची जुनी तक्रार. त्या वाऱ्यावर आपलेच घर चालेल असे तेव्हा मनातही आले नव्हते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मी देखभाल तंत्रज्ञ म्हणून या कामात आलो. आता धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतली मुले या नोकरीबद्दल विचारतात, तेव्हा पगारानंतरचा त्यांचा प्रश्न बहुधा हाच असतो की, प्रशिक्षणात व्हर्च्युअल रिॲलिटीचा (व्हीआर, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगाचा) हेडसेट लावून जे शिकवतात त्याचा वर टॉवरवर खरोखर उपयोग होतो का. माझे उत्तर असे आहे की, कामाचा क्रम शिकण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे साधन नाही, पण हात तयार होण्यासाठी ते पुरेसे नाही. आणि हा फरक न कळलेला मुलगा वर गेला की स्वतःला आणि जोडीदाराला धोक्यात घालतो.

हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळे चित्र दिसते, त्यामुळे खोली जाणवते, आणि डोके वळवताच सेन्सर ती हालचाल टिपून नवे चित्र समोर आणतात. हातातल्या कंट्रोलरने पॅनेलचे दार उघडता येते, कुलूप लावता येते, हुक अडकवता येतो. वर्गातल्या फरशीवर उभे राहूनही आपण शंभर मीटरवरच्या नॅसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या यंत्रांच्या खोलीत, आहोत असे वाटते. माझ्या तुकडीतला एक मुलगा नॅसेलच्या छतावरून खाली पाहताच मटकन खाली बसला. त्याला कुणी हसले नाही, हे आमच्या प्रशिक्षकांचे श्रेय. उंचीची भीती कळायची असेल तर ती जमिनीवर कळलेली बरी.

माझ्या वाट्याला आलेला धडा विजेचा होता. काम कन्व्हर्टर (जनरेटरची वीज ग्रीडला जुळेल अशी करणारे उपकरण) पॅनेलमधला एक भाग बदलण्याचे होते. बहुतेक मशीनमध्ये जनरेटरच्या बाजूला ६९० व्होल्ट असतात, आणि पुरवठा तोडल्यानंतरही कन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठून राहते. म्हणून किती वेळ थांबायचे ते पॅनेलच्या दारावरच लिहिलेले असते. मी ब्रेकर पाडला, कुलूप लावले, काम चालू असल्याचा टॅग अडकवला आणि सरळ दार उघडून हात आत घातला. डोळ्यांसमोर पांढरा झोत आला आणि सगळे काळे झाले. हेडसेट काढला तेव्हा सर समोर उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "किती मिनिटं थांबलास?" मी म्हणालो, "थांबलोच नाही, सर." "आणि टेस्टर?" माझ्याकडे त्याचेही उत्तर नव्हते.

त्यानंतर त्यांनी तोच प्रसंग माझ्याकडून सात वेळा करून घेतला: पुरवठा तोडणे, तो पुन्हा कुणी जोडू नये म्हणून स्वतःचे कुलूप आणि टॅग लावणे, लिहिलेली मिनिटे थांबणे, वीज नाही याची टेस्टरने खात्री करणे, अर्थिंग करणे, आणि जवळचा जो भाग चालू राहणार असेल तो झाकणे. टेस्टरसुद्धा आधी चालू पुरवठ्यावर तपासायचा, मग आपल्या पॅनेलवर लावायचा, आणि शेवटी पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासायचा. कारण बिघडलेला टेस्टर जिवंत तारेवरही शून्यच दाखवतो. हे मी आयटीआयच्या वहीत लिहिले होते, परीक्षेत त्याला गुणही मिळवले होते, पण हाताला ते त्या पांढऱ्या झोतानंतरच आठवू लागले. खऱ्या पॅनेलवर ही चूक एकदाच करता येते. व्हीआरची सगळी किंमत माझ्या मते याच एका गोष्टीत आहे.

नॅसेलमध्ये धूर दिसला तर काय करायचे, याचा सरावही हेडसेटमध्येच नीट होतो, कारण खऱ्या नॅसेलला आग लावून कुणी शिकवू शकत नाही. लहान आग असेल आणि आपला बाहेर पडण्याचा रस्ता पाठीमागे मोकळा असेल, तरच अग्निशामक हातात घ्यायचा. नाहीतर सुटकेच्या दोरावरून खाली उतरायचे. हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो, आणि तो आधी अनेकदा घेतलेला असेल तरच घेता येतो.

आता जे तिथे शिकता येत नाही, त्याकडे वळतो. व्हीआरमधल्या हाताला जाडी नसते. तो लोखंडातून आरपार जातो, बोल्ट आणि फ्लँज (जोडाची कडा) यांच्या मधून सहज निघतो, आणि नवख्या मुलाला हात कुठेही घालण्याची सवय लागते. हायड्रॉलिक टॉर्क रेंच, म्हणजे तेलाच्या दाबाने ठरलेल्या मापापर्यंत बोल्ट आवळणारा पाना, चालू असताना त्याचा आधार-दांडा आणि शेजारचा बोल्ट यांच्यामध्ये बोट सापडले तर ते चिरडते. दुसरी गोष्ट वजनाची. हेडसेटमध्ये हाताने चालवायच्या टॉर्क रेंचचा आवाज अचूक वेळी येत होता, म्हणून मला ते काम येते असे मी धरून चाललो होतो. पहिल्या महिन्यात खऱ्या रेंचला मी झटका दिला, ठरलेल्या मापापेक्षा बोल्ट जास्त आवळला गेला आणि तो बदलावा लागला. माझ्यासोबतच्या दादांनी तेव्हा मला दोन तास फक्त सावकाश, एकसारखा जोर लावायला शिकवले.

शिडीचेही तसेच आहे. आपल्या भागातल्या नव्या मशीनचे हब (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग) शंभर मीटरच्या वर असते. लिफ्ट असली तरी ती बंद पडू शकते, आणि शिडी चढताना नवखा मुलगा हातांनी ओढत जातो, पायांनी रेटत नाही, त्यामुळे अर्ध्या वाटेवर त्याचे पंजे वळतात. घामाने भिजलेल्या हातमोज्यातून हुकाची स्प्रिंग दाबणे, हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्यांना, जोडलेल्या दोन लॅनयार्डपैकी (हुकाच्या दोरांपैकी) एक कायम अडकवलेला ठेवून दुसरा पुढे नेणे, एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या नॅसेलमध्ये वंगणाच्या वासात तास काढणे, वाऱ्यात टॉवर डुलतो तेव्हा मन स्थिर ठेवणे, हे कोणताही हेडसेट देत नाही.

म्हणून प्रशिक्षण संस्था निवडताना व्हीआर आहे का एवढेच विचारू नका; सरावाचा टॉवर, खरा दोर आणि खरे हार्नेस आहे का, हे आधी विचारा. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही संस्था २०१२ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण अनेक कंपन्या मागतात. जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी त्यात प्रथमोपचार, उंचीवरील काम, आगीची दक्षता आणि वजन उचलण्याची योग्य पद्धत हे भाग असतात. त्याची नोंद विंडा या ऑनलाइन यादीत होते आणि ती दोन वर्षांपुरतीच वैध असते. हातात नुसता छापील कागद देणाऱ्या संस्थेला विंडावर नोंद करणार का, असे स्पष्ट विचारा. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थाही या क्षेत्रात प्रशिक्षण देते. घरापासून लांब असली तरी तिची चौकशी जरूर करावी. व्हीआरमधले मशीन कोणत्या प्रकारचे आहे, हेही विचारून घ्या, कारण गिअरबॉक्स असलेले आणि नसलेले मशीन आतून फार वेगळे असते.

हेडसेट लावून काहींना मळमळते. डोळ्यांना हालचाल दिसते, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून असे होते. ती कमजोरी नव्हे. पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, बुबुळांमधल्या अंतराप्रमाणे भिंगे जुळवून घ्या, आणि सत्र संपताच मोटारसायकलला किक मारू नका. सॉफ्टवेअर बहुधा इंग्रजीत बोलते. मी प्रत्येक सूचना थांबवून वहीत मराठीत लिहून घेत असे, आणि गावाकडच्या मुलांनी हे न लाजता करावे. न समजलेली सूचना मान डोलावून पुढे ढकलण्याची सवय वर गेल्यावर फार महाग पडते.

पावसाळ्यात वारा जोरात असतो आणि मशीन चालू राहणे महत्त्वाचे असते, म्हणून आमची मोठी सर्व्हिसिंगची कामे शक्यतो त्याआधी उरकतात. त्याच दिवसांत माळावर दुपारनंतर विजा कडाडू लागतात. पहिला गडगडाट ऐकू येताच काम अर्धे टाकून खाली यायचे असते. त्या हंगामाच्या आधी नव्या जोडीदाराकडून मी हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाला उतरवण्याचा सराव आधी हेडसेटमध्ये करून घेतो, आणि त्याच दिवशी टॉवरच्या पायथ्याशी खऱ्या दोरावर, माणसाच्या वजनाचा पुतळा लटकवून. बेशुद्ध माणूस पट्ट्यांवर जितका जास्त वेळ लटकतो तितका त्याच्या जिवाला धोका वाढतो, म्हणून मी घड्याळ लावून बसतो. गेल्या खेपेला हेडसेटमध्ये पाच मिनिटांत माणूस उतरवलेल्या मुलाला खऱ्या दोरावर चौदा मिनिटे लागली. आम्ही दोर पुन्हा वर चढवला आणि अंधार पडेपर्यंत तेच करत राहिलो.