२० इंची अलॉयची हौस आणि मग १८ वर यायची गोष्ट

सेकंडहँड जर्मन सेडान घेतली, कंपनीचे टायर २२५/५५ आर १७ (म्हणजे रुंदी २२५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १७ इंची), आणि मला ते फारच बारके वाटायला लागले. मग काय, उत्साहात २० इंची अलॉय रिम आणि त्यावर २४५/४० टायर, फोटोत गाडी एकदम कडक. पण पहिल्याच यू टर्नला फुल स्टेअरिंग मारलं की पुढून खर्र खर्र, टायर मडगार्डच्या आतलं प्लास्टिक घासत होता. घरी येऊन हिशोब केला (जो आधी करायला हवा होता, असो), जुन्या चाकाचा व्यास साधारण ६७९ मिमी आणि नव्याचा ७०४, म्हणजे साडेतीन टक्के मोठं, मीटर १०० दाखवतोय तेव्हा आधीपेक्षा साडेतीनने जास्तच पळतेय गाडी. त्यात ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरायचं, बॅलन्सिंग दोनदा केलं तरी तेच. शेवटी एका टायरवाल्या काकांनी चाक काढून दाखवलं, अलॉयचं मधलं भोक ७४.१ मिमी आणि ते ज्यावर बसतं तो हबचा गोल उंचवटा ७२.६, चाक बोल्टांवरच कसंबसं सेंटर होत होतं. मधली फट भरणाऱ्या हब रिंगा बसवल्या, थरथर गायब.

खड्ड्यांचं मात्र काही करता येईना, पावसाळ्यात एक रिम वाकली आणि टायरला फुगा आला. मग २० इंची सेट पडेल भावाने विकला आणि १८ वर २४५/४५ घेतले, व्यास ६७८, घेताना ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) पण कंपनीच्या आकड्यांशी जुळवून बघितला. आता घासत नाही, बायको मागे बसून झोपते पण.