नवोदयच्या वेटिंगमध्ये नाव आलंय? मे महिन्याआधी एवढं करून ठेवा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. दर वर्षी नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्राच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की एखाद-दुसऱ्या घरात विचित्र शांतता पसरते. मूल निवड यादीत नसतं, पण प्रतीक्षा यादीत असतं. पेढे वाटावेत की नाही हेच कळत नाही. या घरांसाठी लिहिते आहे, कारण बोलावणं येऊनही केवळ कागदापायी जागा गेलेली मी पाहिली आहे.

आधी आपलं मूल नेमकं कोणत्या रांगेत उभं आहे ते समजून घ्या. एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. त्यातल्या किमान 75 टक्के, म्हणजे 60, ग्रामीण मुलांच्या. एक तृतीयांश मुलींच्या. शिवाय अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि दिव्यांग मुलांचं आरक्षण. निवड झालेल्यांपैकी कुणी आलं नाही किंवा कागद तपासताना अपात्र ठरलं, की त्या प्रवर्गातली जागा मोकळी होते आणि त्याच प्रवर्गातल्या पुढच्या मुलाला बोलावतात. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मुलाला फोन आला आणि तुम्हाला नाही, म्हणून लगेच अन्याय झाला असं समजू नका. मोकळी झालेली जागा तुमच्या रांगेतली नसेल. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीची सोय या परीक्षेत नाही, त्यासाठी धावपळ करू नका. आणि ‘पैसे द्या, नंबर वर घेतो’ असं म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आता फाईल. माझा सगळा जीव या फाईलवर आहे, कारण बोलावणं आल्यावर हातात फार दिवस नसतात. जन्माचा दाखला, आधार, त्याच जिल्ह्यात राहत असल्याचा पुरावा, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला हे ठाऊक असतंच. अडतं ते तिसरी, चौथी, पाचवीच्या शिक्षणाच्या दाखल्यांपाशी. हे मुख्याध्यापकांकडून एप्रिल संपायच्या आत घ्या. मे महिन्यात शाळा बंद, सर आपल्या गावी, आणि जनरल रजिस्टर कुलूपबंद कपाटात. मूल चौथीपर्यंत एका शाळेत आणि पाचवीला दुसरीकडे असेल तर दोन्हीकडचे दाखले लागतील. नाव, आडनाव, जन्मतारीख आधारशी, जन्मदाखल्याशी आणि अर्जाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे दाखला हातात घेऊन तिथेच उभं राहून वाचा. एका वेलांटीसाठी परत यावं लागतं.

ग्रामीण म्हणून अर्ज भरला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. त्यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला असेल तर मूल शहरी धरलं जातं. 2015 च्या आसपास आपल्याकडे कितीतरी तालुक्याच्या गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. लोक अजून त्याला गावच म्हणतात, कागद म्हणत नाही. आपली शाळा कोणत्या हद्दीत येते हे मुख्याध्यापकांना आजच विचारा.

जातीच्या दाखल्याचं तर मला रात्रंदिवस सांगावंसं वाटतं. नवोदय केंद्राची शाळा आहे. ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा, राज्याचा नव्हे. विमुक्त जाती, भटक्या जमाती असा वेगळा प्रवर्ग तिथे नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसीतून, नाहीतर खुल्यातून. एसईबीसीचा, म्हणजे राज्याने मराठा समाजासाठी केलेल्या प्रवर्गाचा, दाखला तिथे चालत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला वेटिंगमधून बोलावणं आलं. सगळे कागद होते, फक्त ओबीसीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला. वडिलांनी तालुक्याला चार हेलपाटे घातले. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब दौऱ्यावर. दाखला हातात पडला तोवर मुदत संपली होती. ते तो कागद घेऊन माझ्याकडे आले आणि नुसते बसून राहिले. ओबीसीतून अर्ज असेल तर आजच सेतू केंद्र गाठा.

फोनचंही असंच. अर्ज नेट कॅफेत भरला असेल तर त्यावर नंबर कुणाचा आहे ते बघा, अनेकदा तो कॅफेवाल्याचाच निघतो. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, रिचार्ज संपलेला, नंबर बंद, असंही होतं. नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि दर आठ-दहा दिवसांनी नवोदयचं संकेतस्थळ बघा किंवा विद्यालयात जाऊन विचारून या. पत्र आलं तर थांबवून ठेवू नका, म्हणून पोस्टमनलाही सांगून ठेवा.

घरात एक बोलणं मात्र आत्ताच होऊ द्या. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात. त्याला तुमची तयारी आहे का? लेकीला पाठवायचं की नाही यावर आजी आणि बाबांचं एकमत आहे का? फोन आल्यावर हा वाद सुरू झाला तर दिवस त्यातच जातात.

जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा मुलाला सहावीत रीतसर बसवा, पुस्तकं-वह्या घ्या. ‘आता नवोदयलाच जाणार’ म्हणून घरी ठेवू नका. जागा पक्की झाल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. यंदा नाहीच झालं तर सहावीसाठी ही परीक्षा पुन्हा देता येत नाही, पण आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, तीही आपल्याच जिल्ह्यातून.

आणि पत्र्याची पेटी. ती फोन आल्यावरच घ्या, तालुक्याला तासाभरात मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी एप्रिलमध्येच आणली होती, झाकणावर पांढऱ्या रंगाने तिचं नावही घातलं होतं. बोलावणं काही आलं नाही. पुढे दिवाळीपर्यंत ती पेटी तिच्या अंथरुणाशेजारीच होती.