पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यात मुंबईचा डास शोधू नका: मलेरियाबाबत या चुका टाळा

माली, बुर्किना फासो, घाना, नायजेरिया, कुठेही खेड्यात कामाला गेलेला आपला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर पाण्याची टाकी झाकतो आणि टायर हलवतो. चूक नाही, पण तिथला मुख्य डास वेगळा आहे. अॅनोफिलिस गांबिए. त्याला उन्हातलं, उथळ, नुकतंच साचलेलं पावसाचं पाणी लागतं, म्हणजे गुरांच्या खुराचा ठसा, गाडीच्या चाकोरीतलं पाणी, विटांसाठी माती काढलेला खड्डा. वाकून नीट बघा, अळी पाण्यावर आडवी पडलेली दिसेल आणि तुमची सावली पडली की सरकन खाली जाईल. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पावसाळ्यात असे ठसे गावभर हजारोंनी असतात, त्यामुळे सगळे बुजवत बसण्यात जीव घालवू नका, ती ताकद घर आणि मच्छरदाणीवर लावा.

"मच्छरदाणी लावतो तरी ताप येतोच" हे फार ऐकू येतं. आधी भोकं बघा आणि शिवून घ्या, मग कडा चटईखाली खोचलीय का ते बघा. औषध लावलेली जाळी डिटर्जंटमध्ये खसाखसा धुवून कडक उन्हात वाळवली की औषध जातं, साध्या साबणाने, क्वचितच धुवा आणि सावलीत वाळवा. आणि तिथल्या बऱ्याच डासांना नेहमीचं पायरेथ्रॉइड औषध आता मारतच नाही, म्हणून पीबीओ (पायरेथ्रॉइडचा जोर वाढवणारं रसायन) किंवा क्लोरफेनापिर (वेगळ्या जातीचं कीटकनाशक) असलेली नवी जाळी मिळाली तर तीच घ्या. हा डास मुख्यतः मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत चावतो आणि घरात शिरतो तो भिंत आणि छपराच्या मधल्या फटीतून. गांबिया देशात घरांना पूर्ण जाळ्या मारून पाहिल्या तेव्हा आत येणारे डास निम्म्याहून कमी झाले, तरी लोक फक्त दार लावून निवांत झोपतात!

मच्छरदाणीचा खरा फायदा मला यात वाटतो, की आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावर डासाला मलेरिया पसरवता यायला साधारण १०-१४ दिवस लागतात, म्हणजे धोका म्हाताऱ्या मादीचा, आणि औषधाची जाळी तिला तेवढं जगूच देत नाही. पण त्यासाठी गावातल्या सगळ्यांनी वापरायला हवी, कारण ठणठणीत दिसणाऱ्या मोठ्या माणसांच्या रक्तातही परजीवी असतो.

कोरड्या दिवसांत डास दिसत नाहीत म्हणून जाळी गुंडाळून ठेवू नका. मालीतल्या थिएरोला गावात पावसाळ्याच्या शेवटी खूण करून सोडलेली एक मादी सात महिन्यांनी पुन्हा सापडली! ते कुठेतरी दडून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर परत हजर होतात.

टाकी मात्र झाकलेलीच बरी, कारण आपल्या शहरातला, टाकीत वाढणारा मलेरियाचा डास अॅनोफिलिस स्टेफेन्सी २०२० मध्ये नायजेरियात आणि २०२२ मध्ये घानात सापडलाय.

ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्स ताप उतरला म्हणून अर्धवट सोडू नका, आणि पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरला आधी सांगा की आफ्रिकेत होतो.