खाडीतलं रसायन मॉडेलमध्ये बसवताना या चुका टाळा

लोटे, महाड, रोहा, तारापूर यांपैकी एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावर प्रकल्प करायला घेतला, की माणसावर आणि निसर्गावर होणारा परिणाम मोजायला यूसटॉक्स हाताशी येतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पाठबळावर तयार झालेलं, २००८ साली शास्त्रज्ञांपुढे मांडलेलं हे मॉडेल फुकट मिळतं आणि एक्सेलमध्ये चालतं. सोडलेलं रसायन हवा-पाणी-मातीत कुठे आणि किती काळ राहतं, त्यातलं किती माणसाच्या शरीरात किंवा जलचरांपर्यंत पोचतं आणि पोचल्यावर काय बिघडतं, या तिन्हींचा गुणाकार करून ते प्रत्येक रसायनाला एक गुणांक देतं. उत्तर चटकन मिळतं, म्हणून त्यात शिरलेली चूक सहसा कुणी शोधत बसत नाही.

खाडी कुठल्या कप्प्यात टाकायची?

कोकणातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मॉडेलमध्ये पाण्याचे कप्पे दोन: गोडं पाणी आणि समुद्र. आपलं सांडपाणी जातं ते या दोहोंच्या मध्ये. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते, सावित्री बाणकोटच्या, कुंडलिका रेवदंड्याच्या. तिथे दिवसातून दोनदा भरती येते आणि ओहोटीबरोबर खाली गेलेलं पाणी पुन्हा वर चढतं. रसायन तिथल्या गाळात रेंगाळतं.

अहवाल लिहिणारा ‘शेवटी समुद्रालाच मिळतं’ म्हणून समुद्राचा कप्पा निवडतो आणि परिसंस्थेवरचा परिणाम जवळजवळ शून्य येतो. कारण साधं आहे: यूसटॉक्सचा नेहमीचा परिसंस्था-गुणांक फक्त गोड्या पाण्यातल्या जीवांचं नुकसान धरतो. समुद्री जीव त्याच्या हिशोबातच नाहीत. हा शून्य अहवालात तसाच छापला, की खाडीत जाळं टाकणाऱ्या माणसाचं नुकसान कागदावरून पुसलं जातं. हा अन्याय आहे आणि तो नुसत्या दुर्लक्षामुळे होतो. गोड्या पाण्याचा आणि समुद्राचा कप्पा धरून मॉडेल दोनदा चालवा, दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी द्या. सागरी जीवांसाठी रेसिपी २०१६ (ReCiPe) सारखी, त्यांचा वेगळा हिशोब असलेली पद्धत जोडा.

मासळीचंही तसंच. मॉडेल मासे खाण्याचं प्रमाण मोठ्या प्रदेशाच्या सरासरीने धरतं. खाडीकाठच्या वाडीत रोजच्या कालवणात खाडीतलंच काहीतरी असतं. तिसऱ्या आणि कालवं तर पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे कॅडमियमसारखे धातू त्यांच्या अंगात साठतात. माशांवर मोजलेला जैवसंचयाचा आकडा त्यांना लावू नका. वाडीत जाऊन विचारा: आठवड्यातून किती वेळा, कोणती मासळी, लहान मुलांच्या ताटात किती? आणि विचारायचं ते चूल सांभाळणाऱ्या बाईला, कारण नेमकं तिलाच माहीत असतं.

प्रयोगशाळेचा कागद जसाच्या तसा भरणं

सीओडी, बीओडी (घाण कुजताना, विघटन होताना किती ऑक्सिजन लागेल याची मापं) आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घनपदार्थ) हे आकडे मॉडेलमध्ये जात नाहीत. त्याला एकेक रसायन लागतं, सीएएस क्रमांकासकट (प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख-क्रमांक). ‘एकूण क्रोमियम’ हाही असाच सापळा आहे. सहा-संयुजी क्रोमियम (१८५४०-२९-९) कर्करोगकारक आहे. तीन-संयुजी (१६०६५-८३-१) त्या मानाने सौम्य. दोघांची वेगळी तपासणी करून घ्या. ती झालीच नसेल, तर ‘सगळं सहा-संयुजी’ आणि ‘सगळं तीन-संयुजी’ अशी दोन टोकं काढून दोन्ही दाखवा. आणि ‘आढळलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे. तपासणीची मर्यादा, म्हणजे तिला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण, किती होती ते आधी बघा.

उत्तर हजारपट, लाखपट चुकलं तर

आधी एककं तपासा. रोज ५० लाख लिटर पाणी आणि लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम फिनॉल असेल, तर रोजचं फिनॉल होतं १ किलो. ३०० दिवसांचं ३०० किलो. लिटर आणि घनमीटर यांची गल्लत झाली, की हजारपटीचा फरक पडतो.

दुसरी जागा हेन्री स्थिरांकाची, म्हणजे रसायन पाण्यातून हवेत किती सहज जातं ते सांगणाऱ्या आकड्याची. मॉडेल तो पास्कलमध्ये मागतं, पुष्कळ तक्ते मात्र वातावरणदाबात देतात. टोल्युइनचा आकडा एकात सुमारे ६७०, दुसऱ्यात सुमारे ०.००६६, म्हणजे १,०१,३२५ पटींचा फरक. टोल्युइनसारखं उडून जाणारं द्रावक हवेत न जाता पाण्यातच बसलेलं दिसलं, तर सरळ हा रकाना उघडा.

पाऊस आणि विहीर

मॉडेलमध्ये वर्षभराची सरासरी असते. आपला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत नदीची धार बारीक होते. मॉडेलमध्ये भारताच्या प्रदेशासाठी दिलेले भूभाग-आकडे (जमीन, पाणी, पाऊस यांची माहिती) निवडले तरी हा फरक त्यात येत नाही, म्हणून उन्हाळ्याचं चित्र वेगळं मांडा. विहिरींकडे तर जास्तच लक्ष द्यायला हवं. मातीतून खोल झिरपलेलं रसायन मॉडेलच्या लेखी ‘गेलं’. जांभ्याच्या भेगांतून ते विहिरीत उतरतं आणि कळशीत येतं, हे मॉडेलला माहीत नाही. विहिरीचं पाणी तपासायला पर्याय नाही.

आलेला आकडा वाचताना

मानवी आरोग्याच्या गुणांकात १०० ते १,००० पट अनिश्चितता धरतात, गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी १० ते १०० पट. धातूंचे गुणांक तर मॉडेल बनवणाऱ्यांनीच ‘अंतरिम’ म्हणून वेगळे ठेवले आहेत. दोन रसायनांत दुप्पट-तिप्पट फरक दिसला म्हणून एकाला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष ठरवता येत नाही. आकडा ०.००३ आला, तर ‘या गावात ०.००३ माणसं आजारी पडतील’ असंही लिहू नका. हे मॉडेल कोणत्या रसायनाकडे आधी बघायचं तो क्रम लावून देतं. एखाद्या गावातला धोका ठरवायला तिथली मोजमापं आणि आरोग्य-तपासणी लागते.

एकच रसायन एकूण बेरजेचा जवळजवळ सगळा वाटा खात असेल, तर ते धातू आहे का, सीएएस क्रमांक बरोबर आहे का, एककं जुळतात का, हे बघा. मग ते रसायन बाजूला ठेवून मॉडेल पुन्हा चालवा आणि दोन्ही तक्ते अहवालाला जोडा.