ठाणे-नवी मुंबईत पियोनी लावताना या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या सदनिकेच्या बाल्कनीत लावलेली पियोनी, म्हणजे थंड प्रदेशातले मोठ्या फुलांचे झाड, फुलली नाही, की दोष बहुधा खताला किंवा पाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात निकाल त्याच्या बराच आधी लागलेला असतो. बाजारातील बहुतेक पियोनींचे मूळ चीन, मंगोलिया आणि सैबेरियात वाढणाऱ्या पिओनिया लॅक्टिफ्लोरा या जातीत आहे. हिवाळ्यात या झाडाचा जमिनीवरचा भाग पूर्ण वाळतो, जमिनीखालच्या गड्ड्यावरील (जाड मुळांच्या जुडग्यावरील) डोळ्यांत पुढच्या हंगामाची कळी सुप्त पडून राहते आणि तिला जाग येण्यासाठी साधारण 0 ते 5 अंश सेल्सिअस तापमानाचे 500 ते 1000 तास, म्हणजे सलग धरल्यास तीन ते सहा आठवडे, लागतात. मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान 22 जानेवारी 1962 रोजीचे 7.4 अंश आहे. म्हणजे त्या विक्रमी रात्रीनेही पियोनीच्या खात्यात फारसे काही जमा केले नसते. मग आपल्या नेहमीच्या 15-18 अंशांच्या पहाटेची गोष्टच नको. थंडी न मिळालेला गड्डा पाने देतो, क्वचित वाटाण्याएवढी कळी धरतो आणि ती तशीच सुकते. कुंडीवर बर्फाचे खडे ठेवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो, परंतु बर्फ वितळला की माती तासाभरात पूर्ववत होते. त्यापेक्षा तो सरबतात घालावा.

फ्रिजचे वेळापत्रक उलटे धरणे

हौस म्हणून प्रयोग करायचाच असेल, तर थंडी फ्रिजमध्येच द्यावी लागते, आणि सर्वांत जास्त चुका येथे होतात. थंडी हिवाळ्यातच द्यायची या समजुतीने गड्डा डिसेंबर-जानेवारीत फ्रिजमध्ये ठेवला जातो आणि फेब्रुवारीत कुंडीत येतो. परिणामी कळ्या धरण्याची वेळ मार्चच्या उन्हाशी गाठ घालते आणि त्या उमलण्याआधीच करपतात. गड्डा वेळेवर मिळत असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने फ्रिजसाठी राखून डिसेंबरच्या सुरुवातीला लागवड करावी, म्हणजे वाढीचे आठवडे आपल्याकडील सर्वांत गार दिवसांत येतात. गड्डा किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोके पाडलेल्या पिशवीत, खालच्या कप्प्यात ठेवावा. फ्रीझरमध्ये कदापि ठेवू नये. त्याच कप्प्यात सफरचंदे किंवा केळी नसावीत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांतील कोवळ्या कळीला अपाय करतो. अधूनमधून पिशवी उघडून बुरशी दिसते का, तेही पाहावे.

एवढे करूनही अपेक्षा माफक असावी. थंड प्रदेशातसुद्धा नव्याने विभागलेला गड्डा स्थिरावून चांगला फुलायला दोन-तीन वर्षे घेतो, तर येथे तो दर उन्हाळ्यात साठवलेली शक्ती खर्च करून अशक्त होत जातो. तीन ते पाच ठसठशीत डोळे असलेला गड्डा मिळत नसेल, तर पैसे खर्चू नयेत.

बियांची पाकिटे आणि कापलेले दांडे

निळ्या पियोनीच्या बियांची पाकिटे ऑनलाइन विकली जातात. निळी पियोनी अस्तित्वात नाही. खरे बी मिळाले तरी ते आधी उबेत मूळ धरते, मग थंडी घेते आणि त्यानंतरच पान वर काढते. फुलापर्यंत तीन ते पाच वर्षे जातात आणि संकरित वाणाचे रोप मूळ वाणासारखे निघेलच असे नाही. पुष्पगुच्छातील आयात दांडा मुळे फुटण्यासाठीच्या पावडरीत बुडवून लावणेही व्यर्थ आहे, कारण या झाडाची नवी रोपे गड्डा विभागून केली जातात.

खोली, ऊन आणि पाऊस

गारवा मिळेल या विचाराने गड्डा सुरणासारखा खोल पुरला जातो. थंड देशांतही डोळ्यांवर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त माती चालत नाही. खोल गेलेले झाड वर्षानुवर्षे केवळ पाने देते. आपल्याकडे दोन-अडीच सेंटिमीटर पुरेसे आहे, आणि गड्ड्याच्या माथ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन नको. दिवसभर ऊन द्या, हा सल्लाही तिकडचा आहे. येथे पूर्वेकडील बाल्कनीतील सकाळचे ऊन द्यावे आणि दुपारी सावली करावी. ताजे शेण टाळावे, खोल कुंडी घ्यावी आणि मातीत भरड वाळू मिसळावी.

पावसाळ्याचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो. जूनच्या आधीच कुंडी छपराखाली हलवावी, खालची ताटली काढून टाकावी आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. दांड्याचा बुंधा काळा पडून तो आडवा झाला किंवा पानांवर राखाडी बुरशी आली, तर तो भाग कापून घरातील कचऱ्यात टाकावा. खतकुंडीत टाकल्यास रोग बागेत टिकून राहतो. पाने हिरवी असेपर्यंत मात्र निरोगी दांडे कापू नयेत, कारण गड्ड्याचा साठा त्यांच्यावरच भरतो.

कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध फवारू नये. त्या कळीवरील गोड स्रावासाठी येतात. फूल उमलायला त्यांची गरज नसते आणि त्यांच्यामुळे ते बिघडतही नाही.

भुईचाफ्याकडे दुर्लक्ष

विश्रांती घेऊन जमिनीतून थेट उमलणारे फूल हवे असेल, तर भुईचाफा येथील हवेत विनासायास येतो: हिवाळ्यात पाने वाळतात, उन्हाळ्यात पानांआधी सुगंधी फुले येतात. त्याच्या बाबतीत टाळण्याची चूक एकच आहे. पाने वाळल्यावर कुंडी रिकामी समजून तिला पाणी देत राहू नये, किंवा त्यात दुसरे रोप लावू नये.